दिसणं की स्वभाव? कोकणात डेटिंग करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

"दिसण्यात काय आहे, स्वभाव बघ" असा सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. गंमत अशी, की हाच सल्ला देणारी काकू स्थळाचा फोटो आला की सगळ्यांत आधी चष्मा पुसते. दिसणं महत्त्वाचं असतं. ते नाकारून कोणाला भेटत राहिलं, तर दोघांचीही फसगत होते. फक्त दिसण्याकडे एकाच प्रश्नाचं उत्तर मागायचं: या माणसाजवळ बसावंसं वाटतं का? हो की नाही, एवढंच. पुढचे सगळे प्रश्न स्वभावाचे. स्वभाव फोटोत दिसत नाही, पहिल्या कॉफीलाही दिसत नाही. त्याला थोडे महिने लागतात आणि निरनिराळे प्रसंग लागतात. ते महिने आणि ते प्रसंग कसे वापरायचे, ते खाली लिहिलं आहे.

मुंबई-पुण्याचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कुडाळात कोणासोबत चहा प्यायलात, की तो चहा संपायच्या आत बातमी घरी पोचलेली असते. अनोळखी राहण्याची सोय नाही. पण त्याच गोष्टीचा एक फायदाही आहे, तो सातव्या पायरीत येईल.

पायरी १: यादी कोणाची आहे ते तपासा

एक कागद घ्या आणि जोडीदार कसा हवा ते लिहून काढा. उंच, गोरा, सडपातळ, हसरा, कमावता, जे मनात येईल ते. मग कागद उलटा करा. मागच्या बाजूला आजवर तुम्हाला खरोखर आवडलेल्या माणसांची नावं लिहा. शाळेतली, कॉलेजातली, कामावरची. कोणाला कधी सांगितलेलं नसलं तरी चालेल, कागद फाडायचाच आहे. प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस कधीपासून आवडायला लागला आणि नेमक्या कशामुळे.

बहुतेकांच्या कागदाच्या दोन बाजू जुळत नाहीत. अमेरिकेतले संशोधक पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 2008 मध्ये स्पीड डेटिंगवरचा, म्हणजे एकामागून एक अनेकांना काही मिनिटंच भेटण्याच्या कार्यक्रमावरचा, अभ्यास छापला. लोक आधी जे हवं म्हणून सांगत होते, त्याचा प्रत्यक्षात आवडलेल्या माणसांशी फारसा मेळ बसला नाही. मुलांनी रूपाला जास्त महत्त्व दिलं होतं, मुलींनी कमाईला. समोरासमोर बसल्यावर हा फरक दिसेनासा झाला. म्हणजे यादी ही पुष्कळदा आपली आवड नसते, ऐकलेली आवड असते.

त्यातलं "गोरी" हे कलम तर सरळ स्थळांच्या जाहिरातीतून उतरवलेलं असतं. ज्या किनाऱ्यावर एप्रिलच्या दुपारी छत्रीशिवाय उभं राहवत नाही, तिथे "गोरीच हवी" लिहिणाऱ्याला मी एक दिवस कलमांच्या बागेत आंबे उतरवायला पाठवीन. संध्याकाळी आरसा बघ आणि मग यादी लिही म्हणावं.

उरलेल्या कलमांना एकच कसोटी लावा. हे कोणीही बघणार नसेल, मित्रांना दाखवायचं नसेल, लग्नाच्या फोटोत यायचं नसेल, तरी मला हवं असेल का? उंचीला "हो" आलं तर उंची ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. "नाही" आलं तर काट मारा. कागदावर शेवटी दिसण्याची दोन-तीन कलमं राहिली तर पुष्कळ झाली.

पायरी २: फोटोपाशी रेंगाळू नका

फोटोवरून मत बनतंच, ते थांबवता येत नाही. जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं, की एखादा चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणसं त्यावरून विश्वासू, हुशार, आकर्षक असे निवाडे करून मोकळी होतात. जास्त वेळ पाहायला दिलं तर निवाडा फारसा बदलत नाही, खात्री मात्र वाढते. म्हणजे रात्री साडेअकराला तोच प्रोफाइल फोटो पुन्हा उघडून तुम्हाला नवं काही कळत नसतं. आधीच बनलेलं मत फक्त घट्ट होत असतं.

म्हणून गप्पा दोन-दोन महिने लांबवू नका. चॅटवर आपण समोरच्या माणसाच्या अर्ध्या जागा स्वतःच भरतो आणि मग त्या भरलेल्या माणसाच्या प्रेमात पडतो. साधारण आठवडाभरात दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, आणि बरं वाटलं तर लवकरच प्रत्यक्ष भेटा. जो माणूस महिनाभर व्हिडिओ कॉल टाळतो किंवा भेटीआधीच पैशाचं बोलतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. कारणं ऐकत बसू नका.

तुमच्या स्वतःच्या फोटोंबद्दल: एक चेहऱ्याचा, एक उभा, दोन्ही गेल्या वर्षभरातले आणि फिल्टरशिवाय. तारकर्लीला मावळत्या सूर्यापुढे काळी आकृती उभी असलेला फोटो छान असतो, पण त्यात सूर्य दिसतो, तुम्ही नाही.

पायरी ३: पहिली भेट

जागा अशी हवी, की आजूबाजूला माणसं असावीत, निवांत बोलता यावं आणि वाटलं तर उठून जाता यावं. रत्नागिरीत मांडवी किंवा भाट्ये, सावंतवाडीत मोती तलावाचा काठ, मालवणात रॉक गार्डन. निर्मनुष्य किनारा किंवा बाइकवरून घाट पहिल्या भेटीला नको. दिवसाउजेडी भेटा, तास-दीड तासच भेटा, आपापल्या वाहनाने या-जा करा. एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा. कुठे जाताय ते एका मैत्रिणीला सांगा.

मुलांसाठी एक सूचना. ती म्हणाली की "आमच्या गावात नको, कणकवलीत भेटू", तर त्याचा अर्थ ती थंड आहे किंवा तुमची लाज वाटते असा घेऊ नका. दोघं दिसले तर तुमच्याबद्दल एक दिवस बोललं जातं, तिच्याबद्दल वर्षभर. "काय होतंय, लोकांचं काय" हे बोलायला तुम्हाला काहीच मोल पडत नाही.

स्वतःच्या दिसण्याबद्दल बोलायचं तर आपल्या हवेत अर्धी लढाई घामाशी असते. मे महिन्यात बाइकवरून तीस किलोमीटर आलात तर अर्धा तास आधी पोचा, तोंड धुवा, शर्ट बदला. सुती कपडे घाला, सिंथेटिक नको. नखं, दात आणि तोंडाचा वास याकडे नाकाच्या आकारापेक्षा जास्त लक्ष द्या. तंबाखूचा मावा खात असाल तर तुमचा जबडा कितीही रेखीव असो, उपयोग नाही. दिसण्यातला हा भाग पूर्ण आपल्या हातात असतो आणि बहुतेक जण नेमका तोच सोडून देतात.

पायरी ४: पाहिलं काय, मानून काय घेतलं

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

भेटीवरून आल्यावर, त्याच रात्री, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा "पाहिलं", उजवीकडे "मानून घेतलं". डावीकडे फक्त असं काही, जे कॅमेऱ्यात टिपता आलं असतं. बोललेलं वाक्य, केलेली कृती, आलेली वेळ. उजवीकडे, त्यावरून तुम्ही काय अर्थ लावला.

माझी एक भाची मालवणला असते. तिने लागोपाठच्या महिन्यांत दोघांना भेटून ही वही ठेवली होती आणि मला वाचायला दिली. पहिला मुलगा दिसायला खरंच देखणा. त्याच्या पानावर डावीकडे होतं: "चारची वेळ, साडेचारला आला, फोन नाही." उजवीकडे: "कामात असणार, मेहनती आहे." डावीकडे: "फार बोलत नाही." उजवीकडे: "खोल आहे." डावीकडे: "चहावाल्या पोराला 'ए, लवकर आण' म्हणाला." उजवीकडे: "रांगडा आहे."

दुसरा मुलगा बुटका, पुढचे केस विरळ झालेला. त्याच्या पानावर डावीकडे तेच वाक्य होतं, "फार बोलत नाही." उजवीकडे लिहिलं होतं, "बोअर आहे."

मी तिला काही समजावलं नाही, दोन्ही पानं शेजारी ठेवली. तिने वाचली आणि म्हणाली, "अरे देवा."

हे तिचंच नाही, आपलं सगळ्यांचं असंच असतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण एकमेकांशी इतके मिळतेजुळते होते, की अधिकारी प्रत्येक गुण वेगळा पाहतच नव्हते हे उघड झालं. एकंदर माणूस चांगला वाटला, की सगळेच गुण चढे. 1972 मध्ये कॅरेन डायन, एलेन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांच्या प्रयोगात लोकांना फक्त फोटो दाखवले. देखण्या चेहऱ्यांचा स्वभावही चांगला असेल आणि संसारही सुखाचा होईल, असं लोकांनी सांगितलं. कशावरून? फोटोवरून.

तेव्हा "मला रूप नको, स्वभावच हवा" असं ठरवूनही सुटका नाही. रूप स्वभावाच्या रकान्यात शिरून बसतं. वहीचा उपयोग एवढाच, की ते शिरताना दिसतं. चार-पाच भेटी लिहा. मग उजवा रकाना हाताने झाका आणि फक्त डावा वाचा, जणू हे कोणीतरी दुसऱ्याबद्दल लिहिलंय. त्या माणसाला तुम्ही आपल्या बहिणीसाठी सुचवाल का?

पायरी ५: बेताचंच आवडलं असेल तर

आकर्षण "किती" हवं यावर लोक फार गोंधळतात. पोटात गोळा येणं, झोप उडणं हे काही प्रमाण नाही. मी तीन प्रश्न विचारायला सांगते. जवळ बसल्यावर अंग चोरावंसं वाटतं का? हात हातात घेतला तर बरं वाटेल का? त्यांचा फोन वाजला की उचलताना चेहरा हसरा असतो का? पहिल्याला "नाही" आणि उरलेल्या दोहोंना "हो" आलं, तर आकर्षण पुरेसं आहे. त्याहून जास्त असेल तर मजा, पण त्या जास्तीवर निर्णय उभा करू नये.

उत्तरं धूसर आली तर लगेच नकार देऊ नका. आणखी दोन-तीन वेळा भेटा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कामात. ओळखीने चेहरा बदलतो. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांच्या 1992 सालच्या प्रयोगात दिसायला साधारण सारख्या चार मुली एका कॉलेजच्या वर्गात बसायला गेल्या. एक अजिबात नाही, बाकीच्या पाच, दहा आणि पंधरा वेळा. कोणाशी बोलायचं नव्हतं, फक्त येऊन बसायचं. सत्राच्या शेवटी वर्गाने, जी जास्त वेळा आली होती तिला जास्त आकर्षक ठरवलं. 2015 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात 167 जोडपी होती. ओळख झाल्या झाल्या जमलेल्या जोडप्यांत दोघं दिसायला एकमेकांच्या तोडीचे होते. आधी बराच काळ ओळख असलेल्यांत मात्र ही तोडीस तोड गळून पडलेली होती.

आपल्याकडे याला प्रयोगशाळा लागत नाही. रोज एकाच एसटीने कॉलेजला जाणारे, एकाच बँकेच्या शाखेत बसणारे, शिमग्याला एकाच पालखीभोवती नाचणारे, यांच्यात अशी जमलेली जोडपी प्रत्येक गावात सापडतील. भाचीचंही पुढे तेच झालं. एकदा फोनवर त्या दुसऱ्या मुलाबद्दल म्हणाली, "मावशे, तो बोलता बरो, पण बघूक काय खास नाय."

"मगे परत भेटलंस कित्याक?"

"तेका हसवूक येता म्हणान."

मी फोन ठेवला. पुढचं विचारायची गरज नव्हती.

पण याला मर्यादा आहे आणि ती नीट पाळा. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतरही जवळ बसणं नकोसं वाटत असेल, आवाज, वास, स्पर्श यांतलं काही अंगावर येत असेल, तर थांबा. "स्वभाव सोन्यासारखा आहे, होईल सवय" हे घरची मोठी माणसं सांगतील. मला ते अजिबात पटत नाही. ज्याची मुळात नावड आहे त्याला वारंवार भेटून नावड वाढायचीच शक्यता जास्त. आणि समोरच्याचाही विचार करा. आपल्याला कोणीतरी दया म्हणून पत्करलंय, हे माणसाला कळल्याशिवाय राहत नाही.

पायरी ६: फारच आवडलं असेल तर

आता उलटी अडचण. पहिल्याच भेटीत वेड लागलंय. अशा वेळी पहिली गोष्ट, ते वेड नेमकं कशाचं आहे ते बघा. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी 1974 मध्ये कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. हलत्या पुलावरच्या पुरुषांनी तिला नंतर जास्त फोन केले, दुसऱ्या, कमी उंचीच्या भक्कम पुलावरच्यांनी कमी. छातीतली धडधड पुलाची होती आणि त्यांनी ती तिच्या खात्यावर मांडली.

आपल्याकडे असे पूल पुष्कळ आहेत. जुलैमधलं आंबोली, धुकं, पाण्याचे ओहोळ, मागे बसलेलं माणूस. तारकर्लीचं स्कूबा, मालवणचं पॅरासेलिंग. जरूर जा, मजा करा. फक्त त्या दिवशी काही ठरवू नका आणि काही कबूल करू नका. कोरड्या, कंटाळवाण्या मंगळवारी, तहसील कचेरीच्या रांगेत उभं असताना ते माणूस सोबत बरं वाटतं का, ते पाहा.

पहिल्या सहा आठवड्यांत काही गोष्टी टाळा. पैसे उसने देणं-घेणं, खासगी फोटो पाठवणं, नोकरी किंवा गाव सोडण्याचे बेत, घरी सांगणं. शरीराने जवळ येणंही आपल्या मर्जीच्या वेगाने, त्यांच्या घाईने नाही. रोज भेटू नका. मधले दिवस रिकामे राहिले की डोकं जागेवर येतं.

पायरी ७: स्वभाव दिसतो कुठे

आधी एक मोठा गैरसमज दूर करते. "पर्सनॅलिटी छान आहे" असं आपण ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा बोलघेवडेपण असतं. हजरजबाबी, गाणारा, मैफल जमवणारा. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांमध्ये असा एक तरी असतो. पाच दिवस अख्खी वाडी त्याच्याभोवती. हे रूपच आहे, चेहऱ्याऐवजी जिभेचं. ते आवडायला हरकत नाही, पण त्याला स्वभाव समजून पुढे जाऊ नका. स्वभाव म्हणजे काही बिनसल्यावर, कोणी बघत नसताना आणि आपला फायदा नसताना माणूस जे करतो ते.

बिनसण्याची सोय आपल्याकडे भरपूर आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेची गाडी दोन तास लेट झाली आणि तुम्ही दोघं कुडाळच्या फलाटावर अडकलात, तर त्या दोन तासांत दोन महिन्यांच्या चॅटपेक्षा जास्त कळेल. खिडकीतल्या कर्मचाऱ्यावर डाफरतो का? तुमच्यावरच चिडतो का, "तूच म्हणालीस या गाडीने जाऊ"? की चहा आणतो, घरी फोन करतो आणि पिशवीवर बसून गप्पा मारतो? त्रासलेला असणं गुन्हा नाही. त्रास कोणावर काढला, ते वहीच्या डाव्या रकान्यात लिहा.

मासळी बाजारात सोबत जा. घासाघीस सगळेच करतात, तीत काही वाईट नाही. पण पापलेटवरून वीस रुपये कमी करून घेणं आणि टोपलीपुढे बसलेल्या बाईला चार माणसांत कमी लेखणं, यात फरक आहे. मासा ताजा की शिळा हे कल्ला उचलला की कळतं. माणसाचा कल्ला इतक्या लवकर उचलता येत नाही, म्हणून हे बाजाराचे प्रसंग.

"नाही" म्हटल्यावर काय होतं, ते सगळ्यांत महत्त्वाचं. मुद्दाम परीक्षा घेऊ नका, खरे नकार आपोआप येतात. "आज नको, डोकं दुखतंय." "फोटो नको टाकूस." "एवढ्या लवकर घरी नाही येणार." त्यावर "बरं" आलं आणि पुढचे दोन दिवसही "बरं"सारखेच गेले, तर उत्तम. तोंड फुगवून बसणं, लागोपाठ दहा फोन, "माझ्यावर विश्वासच नाही तुझा" असं काही आलं, तर चेहरा कितीही गोड असो, पुढे तेच वाढत जाणार.

आणि गणपती. डेट करत असलेल्या माणसाच्या घरी गणपतीत जाणं सहसा जमत नाही, पण विचारता येतं. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधायला पुरुष पुढे असतातच, ते विचारू नका. विचारा, रात्री भजनाला आलेल्या मंडळींची उसळ कोण करतं, आणि बारा वाजता ती भांडी कोण घासतं? "आई आणि काकी करतात, त्यांना आवडतं" असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं लिहून ठेवा. त्यांना आवडतं, हे त्यांनी कधी सांगितलं, तेही विचारायला हरकत नाही. "मी आणि भाऊ विहिरीवर नेऊन घासतो" म्हणणारेही आहेत, हल्ली वाढतायत. मुलींच्या बाबतीतही प्रश्न आहेतच: वहिनीबद्दल कशी बोलते, दिलेला शब्द पाळते का, बिल नेहमी त्यानेच द्यायचं असं धरून चालते का.

सुरुवातीला ज्या फायद्याबद्दल म्हटलं, तो इथे येतो. आपल्याकडे माणसाचा इतिहास लपत नाही. शिक्षक, कंडक्टर, किराणा दुकानदार, कोणाला ना कोणाला माहीत असतं. पण ऐकीव गोष्टींतही कृती आणि मत वेगळं करा. "उधारी बुडवून गेला" ही कृती आहे, पडताळून पाहता येते. "पोरगी जरा फॉरवर्ड आहे" हे सांगणाऱ्याचं मत आहे, त्याला काडीची किंमत देऊ नका.

आता एक गोष्ट, जी हा सगळा वादच थोडा बाजूला सारते. 2020 मध्ये सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी 43 निरनिराळ्या अभ्यासांतली 11,196 जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. नातं किती समाधानाचं आहे हे जोडीदाराच्या गुणवैशिष्ट्यांवरून फारसं सांगता येत नव्हतं. सांगता येत होतं ते नात्यातल्या गोष्टींवरून: समोरचा या नात्यात मनापासून आहे असं वाटतं का, आपली कदर होते का, शरीरसुख समाधानाचं आहे का. म्हणजे रूपाची यादी जशी अपुरी, तशीच स्वभावाचीही. चांगला माणूस आणि चांगला माणूस मिळून चांगली जोडी होईलच असं नाही.

म्हणून वहीत एक तिसरा रकाना काढा: "मी कशी होते?" किंवा "मी कसा होतो?" त्यांच्यासोबत तुम्ही जास्त बोलता की मोजून-मापून? घरी आल्यावर हलकं वाटतं की परीक्षा देऊन आल्यासारखं? मासे आवडत असून नाही म्हणालात का, हसू दाबलंत का, आपली बोली सोडून पुस्तकी बोलायला लागलात का? हा रकाना भरायला दोन ओळी पुरतात. निर्णयाच्या वेळी मी आधी तोच उघडायला सांगते.

पायरी ८: एकालाच विचारा

दहा जणांना फोटो दाखवू नका. दहा मतं येतील आणि सगळी नाकावर येतील. ज्याने तुम्हा दोघांना एकत्र पाहिलंय अशा एकाच माणसाला विचारा, आणि "कसा वाटला?" असं नको. "त्याच्यासोबत मी नेहमीसारखी होते का?" असं विचारा.

पायरी ९: अवघड प्रश्न वेळेत

तिसऱ्या महिन्याच्या आसपास हे बोलून घ्या. मुंबईला राहायचं की गावात? बागेचं किंवा बोटीचं कोण बघणार? आईवडील कोणाकडे? आणि जात. "घरचे ऐकणार नाहीत" हे वाक्य दोन वर्षांनी ऐकायचं नसेल, तर आत्ताच सरळ विचारा: घरचे नाही म्हणाले तर तू काय करशील? "बघू तेव्हा" हे उत्तर नव्हे. ज्याला हा प्रश्न विचारायचं धाडस होत नाही, त्याने ते धाडस का होत नाही याचा विचार करावा.

पायरी १०: निर्णय

गुणांची सरासरी काढू नका. रूपाला दहापैकी नऊ, स्वभावाला चार, सरासरी साडेसहा, म्हणजे पास, असला हिशेब मी सुशिक्षित माणसांना करताना ऐकलाय. रूपाच्या नवातले गुण स्वभावाच्या चाराला उसने देता येत नाहीत. आकर्षण पुरेसं आहे की नाही, एवढंच बघा. पुरेसं नसेल तर थांबा. पुरेसं असेल तर ते बाजूला ठेवा आणि वही उघडा.

वहीत काही गोष्टी एकदाच सापडल्या तरी पुरे असतात: हात उचलणं, धमकी, फोन तपासणं, नकार न मानणं, चार माणसांत तुमचा अपमान करणं. यांना सुधारण्याची मुदत देऊ नका. उशिरा येणं, कमी बोलणं, चिडचिड, अव्यवस्थितपणा यांबद्दल बोलता येतं. बोलल्यावर महिनाभरात काही हललं का ते बघा. अजिबात हललं नाही तर ते तसंच राहणार असं धरून ठरवा, आणि तसं राहिलेलं तुम्हाला चालणार असेल तर बिनधास्त पुढे जा.

नकार द्यायचा ठरला तर दोन दिवसांच्या आत द्या. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दाखवून गायब होऊ नका. मेसेज एवढाच असावा: "तुला भेटून बरं वाटलं, पण मला त्या अर्थाने काही वाटत नाहीये. उगाच ताटकळत ठेवण्यापेक्षा आत्ताच सांगते. पुढे भेटायला नको." कारण दिसणं असलं तरी ते लिहू नका, विचारलं तरी सांगू नका. उंची किंवा वर्ण ऐकून समोरचं माणूस काही बदलू शकत नाही. वागण्याचं कारण असेल आणि विचारलं, तर एकच सांगा. त्यांनी पाठवलेले फोटो फोनमधून काढून टाका, मैत्रिणींच्या ग्रुपवर त्यांच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट फिरवू नका. महिन्या-दोन महिन्यांत आंगणेवाडीच्या जत्रेत नाहीतर एखाद्या लग्नात ते समोर येणारच आहेत. तेव्हा मान वळवू नका. "काय, कधी आलास?" एवढं विचारा आणि पुढे जा.